अवधी आणि उशीर

मागील चैत्रात आमच्या शेजारच्या काकू एक तक्रार घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांचा मुलगा अमेरिकेत, ओहायो राज्यात कोलंबस शहरी नोकरीस आहे. त्याने नवे घर घेतले आणि जेवणाचे एक टेबल व सहा खुर्च्या तिकडच्या आमिश नावाच्या लोकांकडून करून घ्यायचे ठरविले. दुकानदाराने मुदत सांगितली चार महिने. काकूंचा सवाल सरळ होता. "अहो अण्णा, अमेरिकेत म्हणे सगळं यंत्रावर होतं. मग एका टेबलाला चार महिने? आणि हा शहाणा आगाऊ पैसे देऊन मोकळा! तोवर बसलेत आपले जमिनीवर ताटं घेऊन."

आम्ही हसलो आणि म्हटले, "काकू, जमिनीवर जेवण्यात वाईट काय?" तेवढ्यावर बोलणे थांबले. पण प्रश्न काही मनातून जाईना. वेळ लागणे हा दोष की गुण? दाम मोजणाऱ्याचा कारागिराच्या दिवसांवर हक्क किती? आणि आपण एखाद्यास घाई करतो, तेव्हा त्याच्याकडून नेमके काय काढून घेतो? सज्जनहो, प्रश्न दिसायला टेबलाचा आहे, पण आत पाहिले तर न्यायाचा आहे. म्हणून त्याचा थोडा विचार येथे करू.

प्रथम हे आमिश लोक कोण ते पाहू. सोळाव्या शतकात, १५२५ च्या सुमारास, स्वित्झर्लंडात ख्रिस्ती धर्मात एक पंथ निघाला. समजत्या वयात, स्वतःच्या निश्चयाने दीक्षा घ्यावी, शस्त्र धरू नये, असे त्याचे म्हणणे. पुढे १६९३ साली याकोब आमान नावाच्या धर्मगुरूच्या अनुयायांची निराळी शाखा झाली. त्याच्याच नावावरून हे आमिश. युरोपात छळ सोसून अठराव्या शतकात ते समुद्रापार पेन्सिल्व्हेनियात जाऊ लागले. आज त्यांची संख्या चार लाखांच्या आसपास आहे आणि ओहायो, पेन्सिल्व्हेनिया व इंडियाना या तीन राज्यांत त्यांची वस्ती दाट आहे. घरात जर्मन वळणाची बोली, साधा एकरंगी पोशाख, जाण्यायेण्यास घोड्याची बग्गी. मुले आठवी इयत्तेपर्यंत शिकतात. पुढे सक्ती नको, हा त्यांचा आग्रह अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली योडर खटल्यात मान्य केला. वीस ते चाळीस कुटुंबांची एक मंडळी असते, तिचे अलिखित नियम असतात. त्यांस ते 'ऑर्डनुंग' म्हणतात. आणि या साऱ्याच्या मुळाशी एक शब्द आहे, 'गेलासेनहाइट'. त्याचा भावार्थ असा की आपला हट्ट सोडावा, देवापुढे व मंडळीपुढे नमते घ्यावे.

आता एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते, हे लोक यंत्राला शिवत नाहीत, दिव्याच्या उजेडात पटाशी ठोकत बसतात, म्हणून वेळ लागतो. तसे नाही. तारेने घरात येणारी वीज त्यांच्यातील जुन्या वळणाच्या मंडळ्यांनी १९२० च्या सुमारास नाकारली, हे खरे. कारण असे की त्या तारेने घर बाहेरच्या जगाला कायमचे बांधले जाते. पण सुतारकामाच्या पडवीत जाऊन पाहा. मागच्या खोपटात डिझेलचे इंजिन धडधडत असते. त्याने जमिनीखालचा दांडा फिरतो, पट्ट्यांवर करवती व रंधे चालतात. नाही तर दाबलेल्या हवेवर हत्यारे चालतात. कोठे बॅटरी, कोठे सूर्याच्या उन्हावरची वीजही आली आहे. प्रत्येक मंडळीचा नियम वेगळा. तेव्हा 'हाताने केलेले' याचा अर्थ 'यंत्रावाचून केलेले' असा नव्हे. यंत्र आहे, पण वस्तू कोणाच्या तरी नजरेखालून व हाताखालून एकेक जाते. मग यंत्र असूनही चार महिने का? येथेच खरा विचार सुरू होतो.

पहिले कारण लाकूड. ओकचे झाड फळ्या काढण्याजोगे व्हायला साठ-सत्तर वर्षे, कधी शंभरही लागतात. ते पाडले की त्यात पाणी किती असते म्हणाल? कोरड्या लाकडाचे जेवढे वजन, त्याच्या शेकडा साठ ते ऐंशी इतके नुसते पाणी. घरात ठेवायच्या वस्तूसाठी ते शेकडा सहा ते आठवर आणावे लागते. उघड्या हवेत फळ्या रचून, मधे पट्ट्या घालून वाळवल्या तर इंचभर जाडीस वर्ष लागते, असा सुतारांचा ढोबळ हिशोब आहे. भट्टीत घातल्या तरी ओकला कित्येक आठवडे लागतात. भट्टीची आच वाढवून लवकर उरकावे म्हटले, तर बाहेरचा थर आधी सुकून आवळतो, आतला ओलाच राहतो, आणि फळी पोटातून फाटते. वरून पाहणाऱ्यास काही कळत नाही. करवत चालवली म्हणजे आत मधाच्या पोळ्यासारखी भोके दिसतात. घाईचा स्वभावच असा आहे. ती वरून कोरडी दिसते आणि आतून फाटलेली असते.

बरे, लाकूड वाळले म्हणजे निमूट झाले असेही नाही. ते हवेतले पाणी घेते आणि सोडते. आपल्याकडे पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकते, हे कोणास सांगायला हवे? ओहायोत याच्या उलट. उन्हाळा दमट, आणि हिवाळ्यात घरे तापवलेली, त्यामुळे आतली हवा अगदी शुष्क. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हलते. ओकचे साडेतीन फूट रुंद टेबल दोन ऋतूंच्या दरम्यान अर्ध्या इंचापर्यंत कमीजास्त होऊ शकते. हे ज्याला ठाऊक आहे तो सुतार टेबलाचा पृष्ठभाग खालच्या चौकटीस घट्ट खिळून टाकत नाही. स्क्रूसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाच ठेवतो, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते. कपाटाच्या दारातला मधला तक्ता चौकटीच्या खोबणीत नुसता बसवतो, सरसाने चिकटवीत नाही. ओंडका चार भाग करून विशिष्ट कोनात चिरला तर फळी निम्मीच हलते आणि तिच्यावर सुरेख चकाकत्या रेषाही उमटतात. पण त्यात लाकूड जास्त वाया जाते आणि वेळही जास्त लागतो. या साऱ्याचे सार एकच की लाकडाला त्याचा स्वभाव असतो. त्याला दाबून गप्प बसवता येत नाही, त्याच्या हालचालीला जागा करून द्यावी लागते. ती जागा करायला जो वेळ लागतो, त्याला उशीर कसे म्हणावे?

येथे आमची स्वतःची एक चूक सांगणे प्राप्त आहे. मुलीच्या लग्नाआधी आम्ही घराला एक खोली वाढवली. दार करणारे सुतार वयोवृद्ध होते. ते म्हणाले, "लाकूड ओलं आहे. दिवाळी जाऊ द्या, मग करतो." आम्ही म्हटले, पाहुणे वैशाखात यायचे आणि दार दिवाळीनंतर? ते काही चालायचे नाही. त्यांनी आमच्या शब्दाखातर दार केले. पहिल्याच पावसाळ्यात फळी वाकली, कडी लागेना. आम्ही त्यांना बोलावून चार माणसांत वाटेल ते बोललो. त्यांनी उलट उत्तर केले नाही. रंधा काढला, कड तासली, पैसे घेतले नाहीत आणि गेले. मग हिवाळ्यात लाकूड सुकले आणि त्या तासलेल्या कडेशी बोट जाईल एवढी फट पडली. ती फट अजून आहे. सुतार आता हयात नाहीत. घाई आमची होती, आणि नाव मात्र त्यांचे खराब झाले. कारागिरास घाई करताना आपण त्याच्याकडून काय काढून घेतो, याचे उत्तर आम्हांस त्या फटीत सापडले. आपण त्याचा चांगुलपणा करण्याचा हक्क काढून घेतो.

असो. दुसरे कारण हाताचे. टेबलासाठी पाच-सहा फळ्या शेजारी शेजारी ठेवून, रंग व रेषा जुळतात की नाही ते पाहून, उलटसुलट करून मग जोडाव्या लागतात. सरस लावून शिकंज्यात आवळल्या की त्या सुकेपर्यंत वाट पाहणे आले. खणाच्या कोपऱ्यात पारव्याच्या शेपटीसारखे पसरत जाणारे दाते एकमेकांत अडकवतात. हजार वेळा ओढला तरी खण सुटत नाही. पायाला खोबण आणि आडव्या पट्टीला तिच्यात नेमकी बसणारी जीभ. खुर्चीची वळणदार पाठ करायची, तर लाकडाला वाफ द्यावी लागते. इंचभर जाडीस तासभर, असे प्रमाण मानतात. वाफ दिल्यावर मात्र साच्यावर झटपट वाकवावे लागते, आणि पुन्हा सुकेपर्यंत तसेच ठेवावे लागते. म्हणजे एकाच कामात कोठे तासन्‌तास थांबायचे आणि कोठे निमिषभरही थांबायचे नाही, हे कळावे लागते. सबुरी म्हणजे सगळीकडे सावकाश चालणे नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. मग घासणे. आधी खरखरीत कागद, मग त्याहून बारीक, मग त्याहून बारीक. मधली एक पायरी गाळली तर त्या क्षणी दिसत नाही. रंग चढला की ओरखडे डोळ्यांत भरतात. शेवटी रंग, रोगणाचे थर, आणि दर दोन थरांमध्ये वाळण्याची वाट.

तिसरे कारण मात्र लाकडातही नाही आणि हत्यारातही नाही. ते माणसांनी ठरवून घेतले आहे, आणि आम्हांस तेच सर्वांत विचार करण्याजोगे वाटते. ओहायोतील होम्स परगण्यात व आसपास अशी सुतारकामाची शेकडो दुकाने आहेत. कोलंबसपासून हा परगणा सव्वाशे किलोमीटरवर. काही दुकाने मोठी झाली आहेत, परंतु पुष्कळ दुकाने घराला लागून, बाप, मुलगे व दोन-चार शेजारी एवढ्यांचीच. एक जण नुसत्या खुर्च्या करतो, दुसरा टेबले, तिसरा फक्त रंगरोगण. काकूंच्या मुलाचे टेबल एका पडवीत झाले, खुर्च्या दुसऱ्या, आणि रंगासाठी सारे तिसऱ्याकडे गेले. वर्दी आल्यावाचून वस्तू करायची नाही, म्हणजे वखारीत माल पडून राहत नाही. पण त्यामुळे प्रत्येक वर्दीस रांगेत उभे राहावे लागते. घरात टेलिफोन नाही. आवारात किंवा रस्त्याकडेला एक खोपटे, त्यात यंत्रावर निरोप ठेवायचा. मुलाने निरोप ठेवला तर उत्तर दुसऱ्या दिवशी यायचे.

रविवारी काम बंद. स्वर्गारोहणाचा सण गुरुवारी येतो, त्या दिवशीही बंद. शेजाऱ्याचे कोठार जळाले, तर सारी मंडळी हत्यारे घेऊन तिकडे. कोठाराचा सांगाडा एका दिवसात उभा राहतो, आणि ज्याचे टेबल अर्धे झाले आहे त्याचे टेबल तसेच पडून राहते. लँकेस्टरकडे शेतीची कामे आटोपली की मंगळवारी आणि गुरुवारी लग्ने लागतात, आणि एकेका लग्नास तीनशे-चारशे माणूस जमते. मयत झाली तरी तसेच. आता व्यापाऱ्याच्या वहीत हे सगळे दिवस 'वाया' म्हणून लिहिले जातील. आमिश सुताराच्या हिशोबी मात्र हेच दिवस जगण्याचे, आणि टेबल हे त्या जगण्यातून उरलेल्या वेळात होणारे काम. दुकान दुप्पट करावे, रात्रपाळी लावावी, तर टेबल सहा आठवड्यांत निघेल हे त्यालाही कळते. तो अडाणी नाही. पण दुकान दुप्पट झाले की मालक कामावरून उठून हिशोबाच्या खुर्चीत बसणार, मुलगा बापाजवळ न शिकता परक्याजवळ शिकणार, आणि कोठार जळालेल्या शेजाऱ्याकडे जायला मालकाची परवानगी लागणार. हे नको म्हणून तो दुकान लहान ठेवतो. तेव्हा चार महिन्यांतले काही दिवस लाकडाचे, काही हाताचे, आणि बरेचसे शेजारधर्माचे. पायी चालणाऱ्यास हे फोडून सांगायला नको. वाटेतले मुक्काम वाटेतच मोजावे लागतात.

आता कोणी शंका घेईल. एक शंका अशी की हे सगळे धनवंतांसाठी ठीक. ज्याला आज बिऱ्हाड मांडायचे आहे आणि खिशात पैसा नाही, त्याने काय करावे? तो भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे टेबल आणतो, संध्याकाळी स्वतः जोडतो आणि जेवायला बसतो. त्याला कोणत्या तोंडाने नावे ठेवावी? शंका रास्त आहे. गरजवंताने स्वस्त घेतले यात दोष नाही. पण स्वस्ताचाही एक हिशोब असतो. भुशाच्या फळीत पाणी शिरले की ती फुगते, मग रंधा लावून उपयोग नाही. ती फेकावीच लागते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची आकडेवारी अशी की २०१८ या एका सालात त्या देशात सुमारे १ कोटी २० लाख टन घरसामान टाकाऊ झाले आणि त्यातले दहांपैकी आठ भाग जमिनीत गाडले गेले. म्हणजे दुकानात जो वेळ वाचला तो नाहीसा झाला नाही. तो कचऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसला.

दुसरी शंका याहून अवघड. हे लोक तरी कोठे निर्लेप आहेत? जमिनीचे भाव चढले, एकेका घरात सहा-सात मुले, शेती पुरेना. म्हणून तर बहुतेक घरे सुतारकामासारख्या धंद्यांकडे वळली. काही जण चांगले श्रीमंतही झाले. 'आमिश' हे नावच आता बाजारात विकले जाते, आणि ज्यांचा त्यांच्याशी संबंध नाही असेही ते नाव पुढे करतात. आणि मुलांचे काय? चौदा वर्षांची मुले या लाकूडकामाच्या दुकानांत बापाबरोबर राबतात. कामगार खात्याने धोका दाखवून हरकत घेतली होती. अखेर २००४ साली कायद्यात सवलत झाली ती अशी की चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांनी वडिलधाऱ्यांच्या नजरेखाली काम करावे, मात्र शक्तीवर चालणाऱ्या यंत्रांना हात लावू नये. बापाच्या हाताखाली शिकणे ही मोठी गोष्ट खरी. पण करवतीचे पाते धार्मिक कुटुंब आणि इतर कुटुंब असा भेद करीत नाही, हेही तितकेच खरे. तेव्हा त्यांचे सगळेच अनुकरणीय, असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी एक प्रश्न मात्र सोडलेला नाही, तेवढा आपण घ्यावा. नवीन सोय दारी आली की ते आधी विचारतात की हिने शेजाऱ्याशी असलेले आपले नाते घट्ट होईल की सैल? काम किती लवकर होईल, हे मागाहून.

तिसरी शंका आपल्या घरची आहे. 'वेळ लागतो' हे वाक्य आळशी माणसाच्याही तोंडी असते. वर्दी घ्यायची, आगाऊ घ्यायचे, आणि 'उद्या या, परवा या'. कचेरीत कागद महिनोन्‌महिने पडून राहतो, त्यालाही 'वेळ लागतो' म्हणतात. मग दोहोंत फरक काय? फरक आहे, आणि तोच या लेखाचा मुद्दा आहे. कामाला स्वभावतः जो काळ हवा, तो अवधी. तो काळ उलटून गेल्यावर बेपर्वाईने जो जातो, तो उशीर. अवधी आधी सांगता येतो. उशिराला नेहमी मागाहून कारण शोधावे लागते. अवधीत काहीतरी घडत असते, लाकूड सुकत असते, सरस धरत असतो, कारागीर शेजाऱ्याचे कोठार उभारत असतो. उशिरात काहीच घडत नाही, फक्त वाट पाहणारा झिजतो. आमिश सुताराने पहिल्याच दिवशी चार महिने म्हणून सांगितले आणि चार महिन्यांनी दिले. त्याने अवधी घेतला. आम्ही दिवाळीपर्यंतचा अवधी नाकारला आणि वर दोषही सुताराला दिला. तो आमचा अन्याय.

तर मग दाम मोजणाऱ्याचा हक्क किती? आमच्या मते एवढाच की त्याला मुदत खरी सांगितली जावी आणि ती पाळली जावी. त्यापलीकडे कारागिराचा रविवार, त्याच्या घरचे लग्न, त्याच्या शेजाऱ्याचे संकट, हे दामात आलेले नसते. आणि आपणही कोठे ना कोठे कारागीरच आहोत. कोणी शेत करते, कोणी मुले शिकवते, कोणी आजाऱ्याजवळ बसते. आपल्याला कोणी विनाकारण घाई केली तर जे वाटते, तेच दुसऱ्यास वाटत असेल. म्हणून यापुढे कोणास काम सांगताना 'कधी देता?' एवढेच विचारू नये. 'नीट व्हायला किती दिवस लागतील?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला माणूस भीतीने उत्तर देतो. दुसऱ्याला तो आपले खरे ज्ञान सांगतो.

श्रावणात काकूंच्या मुलाकडे टेबल आले. त्याने टेबलाखाली वाकून फोटो काढला व आईला पाठविला, कारण आम्ही त्याला स्क्रूच्या खाचा पाहायला सांगितल्या होत्या. खाचा होत्या. काकू फोटो घेऊन आमच्याकडे आल्या, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "अण्णा, हे खालचं कोणाला दिसणार होतं? तरी केलंच की त्यानं." मग जाताना आमच्या त्या दाराशी क्षणभर थांबल्या. फटीकडे पाहिले, पण काही बोलल्या नाहीत. आम्हीही बोललो नाही. येत्या उन्हाळ्यात ते दार नवे करायचे आहे. त्या सुतारांचा नातू आता काम करतो. त्याला आम्ही लाकूड आत्ताच घेऊन ठेवायला सांगितले आहे, आणि मुदत त्यानेच सांगायची, असे ठरले आहे.